पांढऱ्या कागदाखालची तबकडी

३ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. आम्ही दोघं ठीक आहोत. माझा गुडघा कुरकुरतो, पण तो कुरकुरला नाही तर मलाच चुकल्यासारखं होतं. हिचा दवाखाना जोरात चालू आहे. लोकांचे दात किडायचे काही थांबत नाहीत. वहिनीचा खोकला गेला का? दुकानाला नवी पाटी लावलीस असं चिऊ फोनवर म्हणाली. चष्म्याच्या दुकानाची पाटी लांबून वाचता आली तर गिऱ्हाईक आत येईल कशाला, असा विनोद मी केला. तुझी मुलगी हसली नाही.

का हसली नाही ते पुढच्याच वाक्यात कळलं. तू गाणं बंद केलंस म्हणे. गेले दोन रविवार तालमीला जातोस, गिटार वाजवतोस आणि माइक कीबोर्डवाल्याकडे सरकवतोस. अठ्ठावीस तारखेच्या कार्यक्रमातही तोच गाणार. भूगोलाचा मास्तर म्हणून तो चांगला आहे, पण गायला लागला की नद्यांची नावं सांगतोय असं वाटतं.

हे सगळं माझ्या परीक्षणामुळे झालं, असं चिऊचं म्हणणं. फोनवर तू 'हं'च्या पुढे जात नाहीस, म्हणून लिहितो.

आधी एक गोष्ट स्पष्ट करतो. रेकॉर्ड ऐकली तेव्हा ती तुझी आहे हे मला माहीत नव्हतं. आमच्या साप्ताहिकात तशी रीतच आहे. संग्रह सांभाळणाऱ्या बाई आलेल्या प्रत्येक रेकॉर्डचं कव्हर काढून कपाटात ठेवतात, मधल्या लेबलावर गोल पांढरा कागद चिकटवतात आणि त्यावर फक्त एक नंबर घालतात. सीडीचंही तेच. आम्ही त्यांना चिकटबाई म्हणतो. त्यांना ते ठाऊक आहे आणि पर्वाही नाही. ओळखीच्याला झुकतं माप मिळू नये आणि नावडत्याची हजामत होऊ नये, एवढाच हेतू. नावं कळतात ती थेट पानाच्या प्रुफात, लिहून झाल्यावर. मी प्रत्येक अल्बम तीनदा ऐकतो. एकदा हेडफोन लावून, एकदा शेजारच्या खोलीत भांडी घासताना, आणि एकदा हात मांडीवर ठेवून, काहीही न करता. मग दोन रकाने भरायचे, जमेची बाजू आणि लंगडी बाजू. खाली दहापैकी गुण.

त्या आठवड्यात चौदा नंबर रॅपचा होता, पंधरा नंबर ब्लूज-रॉकचा. चौदा नंबरची 'ठिणगी' म्हणजे आपली चिऊ, हेही मला नंतरच कळलं. फोनवर ती नाकात बोलते, रॅप करते ते पोटातून. ओळखणार कसं?

लोक विचारतात, हे दोन प्रकार एकाच माणसाने कसे जोखायचे? जोखता येतात, फक्त लक्ष वेगळ्या जागी ठेवावं लागतं. रॅपमध्ये मी श्वास ऐकतो. माणूस कुठे दम घेतो आणि दम घेण्यासाठी कुठला शब्द बळी देतो, यावरून त्याची सगळी तयारी कळते. रॅपच्या अल्बमांचं मरण म्हणजे पाहुणे. प्रत्येक गाण्यात कोणी ना कोणी येऊन चार ओळी टाकून जातो, यजमान कोण ते विसरायला होतं. ब्लूज-रॉकमध्ये मी थांबणं ऐकतो. गायक ओळ संपवून किती वेळ गप्प बसतो आणि ती जागा भरायला गिटार किती उतावीळ आहे ते पाहायचं. तिथलं मरण म्हणजे लांबलेली गिटार. घरी जायचंच विसरते.

चिऊच्या 'तोंडपाठ'ला मी आठ दिले. जमेच्या बाजूला श्वास, आईवरच्या गाण्यातला खट्याळपणा, आणि सातव्या गाण्यात उचललेली तुमच्या 'जिना' या गाण्यातली ओळ. मी लिहिलं होतं की 'एका मरगळलेल्या गाण्याचा वेग वाढवून तिने त्यात जीव ओतला आहे'. लंगड्या बाजूला सोळा गाणी (अकरा पुरली असती) आणि पाच पाहुणे, त्यातले चार बिनकामाचे.

तुमच्या 'दुरुस्तीसाठी बंद'ला तीन दिले. जमेच्या बाजूला भरदार तारा आणि घाई नसणं. लंगड्या बाजूला गायक. ते वाक्य तुला पाठ असेलच. 'दाताला दिलेली भूल उतरायच्या आधीच खुर्चीतून उठून आल्यासारखा गातो.' ते माझं नव्हे, हिचं. भांडी घासताना ऐकत होतो तेव्हा ही दारातून म्हणाली, मी उचललं.

दादा, एका माणसाचं मत म्हणजे काही दगडावरची रेघ नाही. तीस वर्षं दर आठवड्याला मत देतोय, त्यातली निम्मी मला स्वतःलाच आज पटणार नाहीत. मनावर घेऊ नकोस.

आणि तो जुना बास-गिटारचा प्रकार माझ्या डोक्यातसुद्धा नव्हता. तुझ्या मनात येऊ नये म्हणून लिहिलं, एवढंच.

वहिनीला नमस्कार. चिऊला म्हणावं, काकाचे विनोद इतकेही वाईट नसतात.

तुझा,
धाकटा


११ फेब्रुवारी

प्रिय दादा,

नमस्कार. तुझं उत्तर नाही, वहिनीचं आलं. कार्डाच्या मागच्या बाजूला साडेतीन ओळी. 'हे काही बोलत नाहीत. दुकानात गुणगुणायचे तेही बंद. परवा एक गिऱ्हाईक म्हणालं, काका, आज रेडिओ बिघडला का?' ते वाचून मला बरं वाटलं नाही.

काल चिऊ ऑफिसात आली. न विचारता माझ्यासमोरच्या खुर्चीत बसली आणि तिने तिची सीडी टेबलावर ठेवली, वहिनी भाजीवाल्यापुढे किडकं वांगं ठेवते तशी.

"काका, सातव्या गाण्यात मी वेग बदललेलाच नाही."

"म्हणजे?"

"म्हणजे बाबांची ओळ जशीच्या तशी उचलली. 'जिना'मध्ये बाबा तसेच गातात. तेवढंच जलद, तेवढ्याच वरच्या पट्टीत. मी हात लावलेला नाही."

मी म्हणालो, "पंधरा नंबरच्या रेकॉर्डवर तसं ऐकू आलं नाही."

"ती रेकॉर्ड पंचेचाळीसच्या वेगाची आहे. आवाज जास्त स्वच्छ येतो म्हणून कंपनीने मोठी तबकडी पंचेचाळीसवर कापली. लेबलवर मोठ्या आकड्यात लिहिलंय." मग तुझ्यासारखंच भुवई वर करून, "तुम्ही तेहतीसवर लावलीत का?"

मी म्हणालो, पाहावं लागेल.

म्हणजे काय झालं असावं, ते सांगतो. मोठी एलपी आली की ती मिनिटाला तेहतीस फेऱ्यांवरच फिरणार, हे आम्ही इतकं गृहीत धरून चालतो की कागदावर नंबराशिवाय काही लिहायचं नाही, या नियमात वेगाचा विचारच कोणी केला नाही. लेबल झाकलेलं. मी हात लांब केला आणि नेहमीसारखं बटण दाबलं. तू विचारशील, तीस वर्षं कान विकून खाणाऱ्या माणसाला कळू नये? खरं आहे. पण गेलं वर्षभर आमच्याकडे मुद्दाम संथ, मुद्दाम खालच्या पट्टीत वाजवणाऱ्या टोळ्यांचे ढीग येतायत. त्यांच्यात ही खपून गेली. शिवाय आदल्या दिवशीच चौदा नंबर ऐकला होता. त्यात तीच ओळ, जलद आणि उंच. रॅपवाले जुन्या ओळी वेग वाढवून वापरतात हे मला माहीत. त्यामुळे मी उलट खूशच झालो की बघा, आपण कसं बरोबर पकडलं. अडाण्याने विचारलं असतं, हे असं का वाजतंय? मी विचारलं नाही, कारण मला उत्तर आधीच येत होतं.

तेव्हा भूल उतरली नव्हती ती बहुधा माझ्या मशीनची. तू चिऊचं ऐक. ती सांगते त्यात तथ्य असावं. मीही पुन्हा नीट ऐकून बघतो आणि जमलं तर पानावर दोन ओळींचा खुलासा टाकतो.

ही म्हणते, गुडघ्याला पट्टा लाव. लावलाय.

तुझा,
धाकटा


१७ फेब्रुवारी

दादा,

तुझं पत्र मिळालं. पाच ओळी का होईना, तुझ्या हातच्या आहेत. मी त्या इथे उतरवतो, म्हणजे मला काय कळलं ते तुलाही कळेल.

'चिऊ समजूत काढते ते मी समजू शकतो, मुलगी आहे. तू कशाला खोटं लिहितोस? तेहतीस-पंचेचाळीस चुकणारा माणूस तू नव्हेस. उद्या मी गिऱ्हाइकाला चष्मा उलटा घालेन, पण तू ते चुकणार नाहीस. तुझे कान खोटं बोलत नाहीत, हे मी तीस वर्षं लोकांना सांगत आलोय. वय झालं, आवाज गेला. विषय बंद.'

हे मी दोनदा वाचलं. तुझा माझ्यावर इतका विश्वास आहे हे मला खरंच माहीत नव्हतं. आणि त्या विश्वासापायी तू गाणं सोडतो आहेस.

मागच्या पत्रात 'असावं', 'बहुधा', 'जमलं तर' असं मी पेरत गेलो. ते तुला समजुतीसारखं वाटलं, यात तुझा दोष नाही. तर आता सरळ लिहितो. समजूत काढणारा माणूस स्वतःही जरा बरा दिसेल असंच खोटं बोलतो. पुढे जे लिहितोय त्यात मी कुठेच बरा दिसत नाही. निदान त्यासाठी तरी विश्वास ठेव.

चूक मला चिऊकडून कळली नाही. अंक छापायच्या आधी कळली होती.

पान बुधवारी दुपारी तीनला छापायला जातं. त्या बुधवारी एकच्या सुमाराला प्रूफ आलं, त्यात पहिल्यांदा नावं. पंधरा नंबरखाली तुमच्या बँडचं नाव वाचलं आणि मी प्रूफ खाली ठेवून संग्रहात गेलो. का गेलो, तेव्हा सांगता आलं नसतं. चिकटबाई डबा खात होत्या. मी कपाटातून कव्हर काढलं, रेकॉर्ड घेतली आणि लेबलावरचा पांढरा कागद नखाने सोलला. पंचेचाळीस. चिऊ म्हणते तसंच, मोठ्या आकड्यात.

तिथल्याच मशीनवर लावली. या वेळी बरोबर वेगाने.

दादा, तुझा आवाज होता. तीस वर्षांत मी तुला गाताना ऐकलं नव्हतं, पहिल्याच ओळीला कळलं. थोडा खरखरीत झालाय, वर जाताना कडेला किंचित चिरतो, आणि तेच त्यातलं सगळ्यात चांगलं आहे. पूर्वी तू प्रत्येक ओळ जिंकायला निघाल्यासारखा गायचास. आता ओळ संपवून थांबतोस, पुढच्याची वाट बघतोस. चिकटबाईंनी डब्यातून मान वर केली आणि म्हणाल्या, "हा कोण? बरा गातो हो." त्या कधी कुणाला बरं म्हणत नाहीत. मी म्हणालो, माहीत नाही.

माहीत नाही, म्हणालो मी.

आणखी एक. चिऊच्या सातव्या गाण्यातला तो तुकडा पहिल्यांदा ऐकला तेव्हाच कुणाची तरी आठवण झाली होती. मग पंधरा नंबर ऐकला आणि वाटलं, वेग वाढवलेला आवाज आहे, कुणासारखाही वाटेल. आठवण झटकून टाकली.

तर, दीड वाजला होता. तीनपर्यंत दीड तास. पानं लावणाऱ्या बाई दोन टेबलं पलीकडे बसतात. "माझी चूक झाली, पंधरा नंबर काढा, पुढच्या आठवड्यात नव्याने लिहितो," एवढं म्हणायचं होतं. अशी परीक्षणं आम्ही काढतो, महिन्यातून एखादं तरी.

मी जागेवर जाऊन बसलो आणि स्वतःला समजावलं. नाव कळल्यावर मत बदलायचं नाही, हाच तर नियम. आता तिनाचे आठ केले तर लोक म्हणतील, सख्खा भाऊ निघाला म्हणून केले. फार उच्च विचार होते. नियम मतासाठी आहे, चुकीच्या वेगासाठी नाही, हे मला तेव्हाही कळत होतं.

खरं कारण बासचं आहे.

तुला वाटत असेल, मी ते विसरलो. आपली पहिली रेकॉर्ड आली तेव्हा मी दुकानात रांग लावून विकत घेतली होती, स्वतःच्याच बँडची, कारण दुकानातून घेण्यात मजा होती. घरी लावली. दुसऱ्या गाण्यात कळलं की ही बोटं माझी नाहीत. सहाच्या सहा गाण्यांचा बास तू दुसऱ्याकडून पुन्हा वाजवून घेतला होतास. मला कोणी सांगितलं नाही. मी विचारल्यावर तू म्हणालास, "तुला वाईट वाटेल म्हणून बोललो नाही." त्यानंतर मी तुझ्याबरोबर वाजवलं नाही, आणि ऐकायलाही आलो नाही.

त्या बुधवारी दीड वाजता, प्रूफ समोर ठेवून, मला बरं वाटलं. तेही लिहून टाकतो. 'भूल उतरायच्या आधीच उठून आल्यासारखा' हे वाक्य मी पुन्हा वाचलं आणि आवडीने वाचलं. तीनला बाईंनी विचारलं, "सोडू पान?" मी म्हणालो, सोडा.

चिऊ आली तेव्हा मी 'पाहावं लागेल' म्हणालो. पाहून महिना होत आला होता.

माझ्या वाजवण्याचंही सांगून टाकतो. त्या सहा गाण्यांची मूळ टेप माझ्याकडे आहे, तुला न विचारता ठेवून घेतली होती. परवा ऐकली, तीनदा, रीतसर. जमेची बाजू: उत्साह. लंगडी बाजू: बाकी सगळं. मी प्रत्येक गाण्यात ड्रमवाल्याच्या पुढे पळतो. तू मला काढलंस ते योग्यच होतं. सांगितलं नाहीस ते चूक होतं, पण त्याची शिक्षा तुझ्या आवाजाला द्यायचा मला काय हक्क?

आता केलं काय ते सांगतो. सोमवारी सकाळी संपादकांना सगळं सांगितलं, एक वाजल्यापासून तीन वाजेपर्यंतचंही. ते मध्ये न तोडता ऐकतात, म्हणून जास्त त्रास होतो. शेवटी म्हणाले, "चुकीचा वेग मी छापून निभावून नेईन. पण कळल्यावर पान सोडलंत, ते छापलं तर ही जागा तुमच्याकडे ठेवता येणार नाही." मी म्हणालो, दोन्ही छापा. शुक्रवारच्या अंकात येईल, माझ्या नावाने, नेहमीच्या जागी. त्यानंतर तिथे कोण लिहील ते त्यांनी ठरवायचं आहे. चिकटबाईंनी तेवढ्यात एक सुधारणा करून घेतली. नंबराखाली आता वेगही लिहिणार. ही घरी म्हणाली, "माझं वाक्य परत दे." दिलं.

'दुरुस्तीसाठी बंद'चं खरं परीक्षणही त्याच पानावर आहे, पण गुण दिलेले नाहीत. आता नाव माहीत आहे, तेव्हा मला गुण देता येणार नाहीत. तुला मात्र सगळं सांगतो, कारण नुसती स्तुती केली तर पुन्हा म्हणशील समजूत काढतोय. तिसरं गाणं दीड मिनिट जास्त आहे आणि ते दीड मिनिट तुझी गिटार खाते. पाचव्यातल्या शब्दांत 'काळोख' तीनदा येतो, एकदा पुरे. कीबोर्ड सगळीकडेच अर्धं बोट कमी असता तर बरं, पण मास्तरांना हे सांगू नकोस. आणि 'जिना'... चिऊने त्यातली दुसरी कुठलीही ओळ उचलली असती तरी चाललं असतं. तिने त्यात जीव ओतला नाही. तो होताच, तिने नुसता ओळखला. पोरगी माझ्यापेक्षा चांगलं ऐकते.

तुझा आवाज गेलेला नाही, दादा. तो उशिरा आलाय. हे मी भाऊ म्हणून म्हणत नाही, भाऊ म्हणून मी काय केलं ते वर लिहिलंच आहे.

अठ्ठावीस तारखेला मास्तरांना कीबोर्डवर बसव आणि माइक परत घे. मी यावं की नाही ते तू ठरव. ये म्हणालास तर मागच्या रांगेत बसेन, नको म्हणालास तर येणार नाही आणि रुसणारही नाही. पण मी तिथे नसल्याने किंवा असल्याने तुझ्या गाण्यात फरक पडू देऊ नकोस.

शुक्रवारी अंक वाचून शिव्या द्यायला फोन केलास तर दे, ऐकून घेईन. काही बोलावंसं वाटलं नाही तरी फोन कर. 'हं' म्हणू नकोस, नाव सांगू नकोस. नुसती एक ओळ गा, कुठलीही.

या वेळी ओळखेन, आणि ओळखलं की लगेच सांगेन.

तुझा भाऊ